जमीन हलली, हे फोनला कसं कळतं?

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा भूकंप झाला. नांदेड आणि परभणीपर्यंत लोक घराबाहेर आले. अकरा मिनिटांनी ३.६ रिश्टरचा दुसरा धक्का बसला. वसमत, कळमनुरी आणि औंढा नागनाथ तालुक्यांना अशी थरथर नवी नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावाला तर जमिनीतून येणारे गूढ आवाजही ओळखीचे आहेत. ३० सप्टेंबर १९९३ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. त्यामुळे धक्का लहान असला तरी काळजात धस्स होतंच.

अलीकडे भूकंपाच्या चर्चेत एक नवा प्रश्न ऐकू येतो : “फोनवर म्हणे भूकंपाचा इशारा येतो. पण फोनला जमीन हलल्याचं कळतं तरी कसं?” राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र यांच्याशी सल्लामसलत करून गुगलने सप्टेंबर २०२३ मध्ये भारतातल्या अँड्रॉइड फोनवर ही सोय सुरू केली. एकाच भागात स्थिर पडून असलेले अनेक फोन एकाच वेळी हादरले, की ती नोंद संगणकाकडे जाते आणि धक्क्याची मोठी लाट पोचायच्या आत दूरच्या फोनवर सूचना धाडता येते. या साखळीतली पहिली कडी म्हणजे प्रत्येक फोनमध्ये असलेलं, डोळ्यांना न दिसणारं एक हलतं यंत्र. ते कसं आखतात आणि कसं घडवतात, हे या प्रकरणात पाहू.

१. फोनच्या आत काय हलतं?

फोनमध्ये एक लहानशी सिलिकॉनची चिप असते. तिच्यात सिलिकॉनचीच एक पातळ पट्टी चार बारीक स्प्रिंगांवर अधांतरी धरलेली असते. फोन झटक्यात सरकला की चिपची चौकट त्याच्याबरोबर सरकते, पण पट्टी आपल्या जडत्वामुळे किंचित मागे राहते. चौकट आणि पट्टी यांच्यातलं अंतर बदलतं. ते मोजलं की फोनचा वेग किती झपाट्याने बदलला, म्हणजे त्याचं त्वरण किती, हे समजतं. या यंत्राला त्वरणमापक म्हणतात.

फोन आडवा केल्यावर चित्रही आडवं होतं, चाललेली पावलं मोजली जातात, गाडी धडकल्यावर एअरबॅग फुगते. या सगळ्यांच्या मुळाशी हेच यंत्र किंवा त्याचं एखादं भावंड असतं. ज्यात यंत्राचे हलणारे भाग आणि विजेचं काम एकाच सूक्ष्म चिपवर एकत्र नांदतं, अशा साधनांना सूक्ष्म विद्युत-यांत्रिक प्रणाली म्हणतात. बोलताना सगळे ‘मेम्स’ म्हणतात, आपणही तेच म्हणू.

इथलं माप मायक्रॉन. एक मिलिमीटरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. मेम्सच्या स्प्रिंगची रुंदी अवघी दोन-तीन मायक्रॉन असू शकते. मायक्रॉनचा हजारावा भाग म्हणजे नॅनोमीटर, आणि या यंत्राचं हलणं नॅनोमीटरमध्ये मोजावं लागतं.

२. यंत्र लहान केलं की काय बदलतं?

मोठ्या यंत्राचा आराखडा घ्यावा, सगळी मापं हजाराने भागावीत, झालं लहान यंत्र, असं वाटू शकतं. तसं केलं तर ते यंत्र चालणार नाही. का, ते एका ठोकळ्यावरून समजून घेऊ.

एक सेंटिमीटर बाजूचा घनाकार ठोकळा घ्या. त्याची बाजू हजारपट लहान करून १० मायक्रॉनवर आणा. पृष्ठभाग लांबी गुणिले रुंदी असतो, म्हणून तो दहा लाख पटींनी कमी होतो. घनफळात उंचीही गुणली जाते, म्हणून ते शंभर कोटी पटींनी घटतं. वजन घनफळावर अवलंबून असतं. याचा अर्थ असा, की लहान ठोकळ्यात वजनाच्या मानाने पृष्ठभागाचं महत्त्व हजारपट वाढलं.

आता पृष्ठभागावर चालणारी सगळी बलं पुढे सरसावतात. हवेचा चिकटपणा जाणवू लागतो. दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांना टेकले की सुटत नाहीत. पाण्याचा एक थेंब अख्खं यंत्र ओढून बसवू शकतो. उलट, मोठ्या यंत्रात ज्याची सतत चिंता करावी लागते ते स्वतःचं वजन इथे जवळजवळ नगण्य ठरतं.

सर्वांत मोठी बढती मिळते ती स्थितिक विजेला. समोरासमोर ठेवलेल्या दोन पत्र्यांना व्होल्टेज दिलं की ते एकमेकांना ओढतात. ही ओढ त्यांच्यामधल्या फटीच्या वर्गाने बदलते : फट निम्मी केली तर ओढ चौपट. अर्धा मिलिमीटर लांब, तेवढ्याच रुंद आणि २० मायक्रॉन जाड अशी सिलिकॉनची पट्टी घेऊ. तिचं वस्तुमान सुमारे १२ मायक्रोग्रॅम भरतं. अशा ८५ हजारांहून अधिक पट्ट्या जमवल्या तेव्हा एक ग्रॅम होईल. तिच्यासमोर दोन मायक्रॉनच्या फटीवर तेवढाच दुसरा पत्रा ठेवून फक्त ५ व्होल्ट दिले, तर पट्टीच्या वजनाच्या साधारण ६० पट ओढ निर्माण होते. तीच फट दोन मिलिमीटर केली, तर ओढ दहा लाख पटींनी घटते.

म्हणून घरातल्या पंख्याच्या मोटारीत तांब्याची वेटोळी आणि चुंबकीय बल असतं, तर मेम्समध्ये बहुधा स्थितिक वीज असते. आकार निवडला की कोणतं बल राज्य करणार हेही ठरतं. मेम्सच्या आरेखनाचा हा पाया आहे.

३. कागदावरचं यंत्र : एक छोटं गणित

आता आपल्या १२ मायक्रोग्रॅमच्या पट्टीसाठी स्प्रिंगा आखू. मेम्समधली स्प्रिंग वेटोळ्याची नसते. ती एक सरळ, बारीक दांडी असते आणि वाकून काम भागवते. अशा दांडीबद्दल दोन नियम लक्षात ठेवले तरी पुष्कळ. रुंदी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो. लांबी दुप्पट केली की ताठपणा एक अष्टमांश उरतो. दोन्हीकडे घनाचा नियम आहे.

दांडी ३०० मायक्रॉन लांब, २ मायक्रॉन रुंद आणि पट्टीइतकीच २० मायक्रॉन जाड धरू. सिलिकॉनचा ताठपणा लक्षात घेतला, तर चार दांड्या मिळून सुमारे ३.८ न्यूटन प्रति मीटर इतका विरोध करतात. पट्टीला गुरुत्वाइतकं त्वरण दिलं, तर ती जागेवरून किती सरकेल? बलाला स्प्रिंगच्या ताठपणाने भागायचं. उत्तर येतं ३० नॅनोमीटर.

धक्का याच्या शंभराव्या भागाइतका हलका आहे असं समजू. मग पट्टी ०.३ नॅनोमीटर सरकेल. सिलिकॉनच्या स्फटिकात दोन शेजारच्या अणूंमधलं अंतर सुमारे ०.२३५ नॅनोमीटर असतं. म्हणजे जेमतेम एका अणूवरून पुढच्या अणूपर्यंत झालेली हालचाल या यंत्राने ओळखायची आहे, आणि तीही शर्टाच्या खिशात राहून.

हे काम सिलिकॉनला जमतं, त्याला कारण आहे. ताठपणात ते पोलादाच्या चार पंचमांशाच्या आसपास आहे आणि घनतेत एक तृतीयांशाहूनही कमी. त्याचा एकसंध स्फटिक नेहमीच्या तापमानाला वाकवला की सोडल्यावर तंतोतंत पूर्वपदावर येतो. ताण मर्यादेबाहेर गेला तर तुटतो, पण वाकडा राहत नाही. १९८२ मध्ये कर्ट पीटरसन यांनी सिलिकॉनच्या या यांत्रिक गुणांवर एक विस्तृत लेख लिहिला. तोवर इलेक्ट्रॉनिक्सचा पदार्थ म्हणून ओळखलं जाणारं सिलिकॉन यंत्राचाही उत्तम पदार्थ आहे, हे त्या लेखाने जगभरच्या अभियंत्यांपुढे ठळकपणे मांडलं.

४. एका अणूएवढं हलणं वाचायचं कसं?

इथे वीज पुन्हा मदतीला येते. समोरासमोरच्या दोन पत्र्यांवर विद्युतभार साठवता येतो. पत्रे जवळ आले की साठवण्याची क्षमता वाढते, लांब गेले की घटते. या क्षमतेला धारिता म्हणतात.

पट्टीच्या कडांना बारीक बोटं काढतात आणि चौकटीलाही तशीच बोटं काढून दोन्ही एकमेकांत गुंफतात. प्रत्येक हलत्या बोटाच्या दोन्ही बाजूंना एकेक स्थिर बोट असतं, मध्ये दोन-दोन मायक्रॉनची फट. पट्टी सरकली की एका बाजूची फट अरुंद होते आणि दुसरीकडची तेवढीच रुंदावते. एक धारिता वाढते, दुसरी घटते. चिपमधलं सर्किट दोहोंतला फरक मोजतं. फरक घेतल्यामुळे तापमान किंवा व्होल्टेज बदलल्याने दोन्हीकडे सारखाच होणारा बदल आपोआप वजा होतो.

आपल्या यंत्रात गुरुत्वाइतक्या त्वरणाने ३० नॅनोमीटरचा बदल होतो. २,००० नॅनोमीटरच्या फटीत तो दीड टक्का आहे. शंभरपट हलक्या धक्क्यात तो दहा हजारांत दीड भाग उरतो. एवढा फरक मोजणारं सर्किट त्याच पॅकेजमध्ये पट्टीच्या अगदी जवळ बसवतात, नाहीतर तारांची स्वतःची धारिताच त्याला गिळून टाकेल.

हे आपल्याला घरी पाहता येतं. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने तयार केलेलं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप फोनमधल्या संवेदकांचे आकडे थेट दाखवतं. फोन टेबलावर पालथा न ठेवता सरळ ठेवा. फोन स्थिर असूनही उभ्या दिशेचा आकडा ९.८च्या आसपास दिसेल. स्प्रिंगांवर तोललेली पट्टी गुरुत्वाने खाली ओढली गेलेली असते, म्हणून तसं होतं. फोन आडवा की उभा, हेही त्याला याच ओढीच्या दिशेवरून समजतं.

५. घडवायचं कसं : प्रकाश, वायू आणि आम्ल

दोन मायक्रॉनची दांडी चिमट्याने धरून जोडता येत नाही. म्हणून मेम्समध्ये सुटे भाग करून जोडणं टाळतात. अख्खं यंत्र एकाच तबकडीत, सर्व भाग आपापल्या जागी असतानाच कोरलं जातं. एका यंत्राला जितके टप्पे लागतात, तितक्याच टप्प्यांत तबकडीवरची सगळी यंत्रं तयार होतात. २०० मिलिमीटर व्यासाच्या तबकडीवर दोन मिलिमीटर बाजूच्या चिपा आखल्या, तर त्या सात हजारांच्या आसपास बसतात. हे यंत्र साध्या फोनमध्येही परवडतं, ते यामुळे.

आपल्या यंत्रासाठी तीन थरांची तबकडी घेऊ : वर २० मायक्रॉनचा सिलिकॉनचा थर, त्याखाली २ मायक्रॉनचा सिलिकॉन ऑक्साइडचा म्हणजे काचेसारखा थर, आणि तळाला जाड सिलिकॉनचा आधार.

पहिला टप्पा नक्षी उतरवण्याचा. तबकडीवर प्रकाशाला संवेदनशील असं द्रव रसायन टाकून ती मिनिटाला काही हजार फेऱ्यांनी फिरवतात. रसायनाचा एकसारखा पातळ थर पसरतो. वर यंत्राची नक्षी असलेली काच धरून अतिनील प्रकाश टाकतात. प्रकाश पडला त्या जागेचं रसायन पुढच्या धुण्यात निघून जातं, उरलेलं नक्षीच्या रूपात टिकतं. हे रसायन पिवळ्या प्रकाशाला दाद देत नाही, म्हणून या खोलीत पिवळे दिवे असतात.

दुसरा टप्पा कोरण्याचा. दोन मायक्रॉन रुंद आणि २० मायक्रॉन खोल, तेही सरळ उभ्या भिंतींची चर हवी. नुसता कोरणारा वायू सोडला तर तो खालीही खातो आणि बाजूलाही. जर्मनीच्या बॉश कंपनीत १९९०च्या दशकात यावर तोड निघाली. काही सेकंद फ्लोरिनयुक्त वायूने खाली कोरायचं, मग दुसऱ्या वायूने भिंतींवर संरक्षक लेप चढवायचा, आणि पुन्हा कोरायचं. तळावरचा लेप वरून आदळणाऱ्या कणांनी निघून जातो, भिंतींवरचा टिकतो. अशी आवर्तनं करत चर सरळ खाली उतरते. फ्रान्झ लेर्मर आणि आंद्रेआ उर्बन यांना या कामासाठी २००७चा युरोपीय संशोधक पुरस्कार मिळाला.

तिसरा टप्पा पट्टी मोकळी करण्याचा. कोरून झालं तरी पट्टी अजून खालच्या ऑक्साइडला चिकटलेली असते. घराचा स्लॅब टाकताना आधी सेंटरिंग लावतात, त्यावर काँक्रीट ओततात आणि ते पक्कं झालं की सेंटरिंग काढून घेतात. स्लॅब खांबांवर अधांतरी उभा राहतो. इथला ऑक्साइड म्हणजे ते सेंटरिंग. हायड्रोफ्लोरिक आम्ल ऑक्साइडला विरघळवतं आणि सिलिकॉनला जवळजवळ हात लावत नाही.

मग स्प्रिंगा ज्यांना जोडलेल्या असतात त्या खांबांखालचा ऑक्साइड कसा वाचतो? ती आरेखनाची करामत आहे. पट्टीला वीस-वीस मायक्रॉनवर भोकं ठेवतात. भोकांतून उतरलेलं आम्ल दोन्ही बाजूंनी दहा-दहा मायक्रॉन सरकलं की पट्टीखालचा सगळा ऑक्साइड संपतो. खांब मात्र १०० मायक्रॉन रुंद आणि बिनभोकांचा आखलेला असतो. त्याच्याही दोन्ही बाजूंनी दहा-दहा मायक्रॉन गेले, तरी मधले ८० टिकतात. वेळ संपली की आम्ल थांबवायचं. स्प्रिंगा खांबांना धरून राहतात आणि पट्टी हलायला मोकळी होते.

६. हाताशी आलेलं यंत्र कुठे बिघडतं?

पहिला शत्रू धूळ. दोन मायक्रॉनच्या फटीत एक कण अडकला की ते यंत्र कायमचं बंद. म्हणून हे काम स्वच्छ खोलीत चालतं. चांगल्या खोलीत एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनहून मोठे कण शंभराच्या आत ठेवतात.

दुसरा शत्रू पाणी. आम्ल धुऊन टाकल्यावर फटीत राहिलेलं पाणी वाळताना आक्रसतं आणि पट्टीला खाली ओढतं. एकदा टेकलेली पट्टी पृष्ठभागाच्या बलांमुळे सुटत नाही. म्हणून आम्लाची वाफ वापरतात, किंवा उच्च दाबाच्या कार्बन डायऑक्साइडने अशा रीतीने सुकवतात की द्रवाचा पृष्ठभाग तयारच होत नाही.

तिसरी अडचण विजेच्या ओढीची. समोरच्या स्थिर पत्र्याकडे पट्टी ओढताना ती फटीच्या एक तृतीयांशापेक्षा पुढे गेली, की ओढ स्प्रिंगच्या विरोधापेक्षा वेगाने वाढते आणि पट्टी धाडकन जाऊन चिकटते. आरेखन करतानाच व्होल्टेज या मर्यादेच्या आत ठेवावं लागतं.

चौथी अडचण मापाच्या फरकाची. कोरताना दांडीची रुंदी २ ऐवजी १.८ मायक्रॉन झाली असं समजू. चूक दहा टक्क्यांची आहे. पण घनाचा नियम आठवा : ताठपणा २७ टक्क्यांनी घटला, आणि त्याच धक्क्याला पट्टी ३० ऐवजी ४१ नॅनोमीटर सरकू लागली. म्हणून चिप बाहेर पडण्याआधी तपासून तिच्या सर्किटमध्ये दुरुस्तीचा आकडा नोंदवतात. मेम्समध्ये आखणारा आणि घडवणारा एकमेकांपासून दूर राहून चालत नाही, ते यामुळेच. कागदावर रुंदी लिहितानाच ती कोरली जाताना किती बदलेल हे आखणाऱ्याला माहीत असावं लागतं.

७. त्याच जिल्ह्यात चाळीस किलोची पट्टी

फोनमधलं यंत्र इतकं सरस आहे, तर भूकंपशास्त्रज्ञ अजून मोठे भूकंपमापक का वापरतात? कारण पट्टी फार हलकी आहे. हवेचे रेणू सतत तिच्यावर आदळतात, स्प्रिंगचे अणूही उष्णतेने थरथरतात, आणि १२ मायक्रोग्रॅमची पट्टी त्याने सतत हलत राहते. लक्षात येणारा धक्का ती पकडते. अगदी क्षीण थरथर मात्र या गोंगाटात बुडून जाते. ती ऐकायची तर वस्तुमान वाढवावं लागतं.

याचं दुसरं टोकही हिंगोली जिल्ह्यातच आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा गावाजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरींची वेधशाळा उभी राहत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली. काटकोनात असलेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांच्या टोकांना लंबकासारखे टांगलेले आरसे, आणि त्यांच्यामध्ये ये-जा करणारा लेझर. अमेरिकेतल्या लायगोत अशा प्रत्येक आरशाचं वस्तुमान ४० किलो आहे. आपल्या पट्टीच्या तुलनेत ते सुमारे ३४० कोटी पट भरतं. तिथे मोजायची हालचाल प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतकी असते. म्हणून आरसा जड, भोवती निर्वात पोकळी आणि टांगणी चार टप्प्यांच्या लंबकाची.

टांगलेलं वस्तुमान, त्याला धरणारी लवचीक टांगणी आणि अंतराचं मोजमाप. दोन्ही यंत्रांचा सांगाडा हाच. आणखी एक साम्य आहे. टोकाच्या आरशाला स्पर्श न करता जागेवर ठेवण्यासाठी त्याच्या मागे सोन्याच्या पट्ट्यांची नक्षी असलेलं दुसरं वजन टांगतात आणि तिला शेकडो व्होल्ट देऊन स्थितिक विजेने आरशाला हलकेच ओढतात. फट मायक्रॉनऐवजी मिलिमीटरची असल्यामुळे एवढे व्होल्ट लावूनही मिळणारी ओढ अत्यंत क्षीण असते, आणि आरशाला तेवढीच हवी असते. लहान करणं किंवा मोठं करणं हा आरेखनाचा निर्णय आहे : काय ऐकायचं आहे, त्यावर आकार ठरतो.

८. सुरुवात कुठून करायची?

मेम्सच्या प्रयोगशाळा महाग असतात, पण त्या आपल्या आवाक्याबाहेर नाहीत. पवईची आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था इथल्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्रांनी ‘इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम’मधून बाहेरच्या संस्थांमधल्या संशोधकांना प्रशिक्षण दिलं आणि आपली यंत्रसामग्री वापरू दिली. पवईच्या आयआयटीत वाढलेल्या नॅनोस्निफ कंपनीने मेम्स तंत्रावर आधारलेलं स्फोटकं ओळखणारं उपकरण २०२१ मध्ये आणलं. नांदेडच्या श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्थेत शिकणाऱ्या हिंगोलीच्या मुलामुलींनी या वाटेवर जावं, असं मला मनापासून वाटतं. ज्या जिल्ह्यात लोक जमिनीच्या प्रत्येक थरथरीकडे कान लावून असतात, तिथून थरथर मोजणारे आरेखक घडले पाहिजेत.

पहिलं पाऊल कागद-पेन्सिलीचं. तिसऱ्या भागातलं गणित पुन्हा करा, पण दांडीची रुंदी १.५ मायक्रॉन धरा. ताठपणा ३.८वरून १.६वर येईल आणि गुरुत्वाइतक्या त्वरणाला पट्टी ७१ नॅनोमीटर सरकेल. संवेदनशीलता दुपटीहून वाढली. आता पुढचे प्रश्न स्वतःला विचारा. इतकी लवचीक पट्टी धुतल्यावर खाली चिकटण्याचा धोका किती वाढला? फोन हातातून फरशीवर पडला तर दांडी टिकेल का? कोरण्यातली ०.२ मायक्रॉनची चूक आता ताठपणात किती टक्के होईल? रुंदी न घटवता पट्टीच जड केली तर चिप किती वाढेल? या चारही प्रश्नांना पुरी पडणारी एकच रुंदी शोधायला बसलात, की मेम्सचं आरेखन सुरू झालं.